गुलालाचा कण आणि दोन किलोमीटर पाणी

शिरोली एमआयडीसीत उदयसिंह घोरपड्यांचं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, सहा लेथ, दोन सीएनसी मशिनं आणि दाराशेजारच्या काचेच्या खोलीत क्रांती चौगुले. मशिनवरून उतरलेला कुठलाही जॉब तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. ती नऊ ऑगस्टला, क्रांतिदिनाला जन्मली म्हणून वडिलांनी मुरगूडच्या दवाखान्यातच नाव ठरवून टाकलं, आणि नावाला जागायचं म्हणून की काय, पोरगी आयटीआयला गेली ती थेट टर्नरच्या वर्गात. पस्तीस मुलगे आणि ही एकटी. आता त्रेचाळिशीला आली आहे. नवरा दूध संघाचा टँकर चालवतो, मुलगी इचलकरंजीत शिकते, आणि पुलाच्या शिरोलीतल्या घरी सासूबाई आहेत. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते.

क्रांतीला एक खोड आहे. जॉब हातात आला की त्याचं माप घेण्याआधी ती तो कुठं जाणार ते विचारते. पंपाचा शाफ्ट असला तर कुठल्या पंपाचा? पंप नदीवर बसणार का विहिरीवर? पाण्यात गाळ किती? लेथवरचे जोतीरामअण्णा तिला वीस वर्षं ओळखतात, तरी दर वेळी वैतागतात.

"क्रांते, तू जॉब तपासतीस का त्याची सोयरीक जमवतीस? पोरगी देतानाबी एवढी चौकशी कोन करत न्हाई."

"पोरगी परत माघारी येती, अण्णा. जॉब माघारी आला तर मालक तुम्हास्नी घरी धाडतील."

गेल्या वर्षी श्रावणात बारा नळ्यांची ऑर्डर आली. मांडीएवढ्या जाड, कमरेइतक्या उंच अॅल्युमिनियमच्या नळ्या, आणि प्रत्येकीला दोन टोप्या. टोपीच्या कडेला एक खाच, तिच्यात रबरी रिंग बसणार. नकाशावर त्या खाचेभोवती इतक्या बारीक सूचना होत्या की उदयसिंहांनी तो कागद क्रांतीच्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, "हे तुझं काम. हितं चुकलो तर पुढची साठ नळ्यांची ऑर्डर गेली म्हणून समज."

ऑर्डर गोव्याच्या एका संस्थेची होती. ती समुद्राचा अभ्यास करते. पहिली नळी पसंत करायला तिकडून इरावती आली. तिशीची, बारीक चणीची, पाठीवर सॅक. मूळची राजारामपुरीतली, पण आठ वर्षं गोव्यात. क्रांतीनं तिला खुर्ची दिली आणि म्हणाली, "बसा, मी चहाचं सांगून येतो." बाईमाणसाच्या तोंडचं ते कोल्हापुरी 'येतो' ऐकून इरावती एकदम हसली. "किती दिवसांनी ऐकलं हे! तिकडं मी असं बोलले की लोक माझ्याकडे बघत राहतात."

मग काय, खोड बाहेर आली. "मॅडम, ही नळी जानार कुठं?"

"समुद्रात. हा फ्लोट आहे. दोन किलोमीटर खाली जाणार, वर येताना पाणी कसं आहे ते मोजत येणार, उपग्रहाला कळवणार आणि पुन्हा बुडणार. दर दहा दिवसांनी एक फेरी, अशी चार-पाच वर्षं."

"बुडनार आणि वर येनार? मोटार हाय?"

"तसली नाही. पोटात तेल असतं. ते बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की फ्लोट फुगतो आणि वर येतो. आत ओढून घेतलं की आकसतो आणि खाली जातो."

क्रांतीनं नळीवर हात फिरवला. "वजन तेवढंच, नुसता आकार बदलायचा." तिला हे इतकं आवडलं की चहा गार झाला. "आणि दाब किती खाली?"

"तुमच्या नखाएवढ्या जागेवर दोनशे किलो."

"म्हंजे एका नखावर एक बुलेट उभी," जोतीरामअण्णा दारातूनच म्हणाले. त्यांना बोलावलं नव्हतं, पण चहा आला होता.

"तशीच. आणि बुलेट एका जागी नाही, सगळ्या बाजूंनी. म्हणून त्या खाचेत केसाएवढीसुद्धा वाट राहता कामा नये. पाणी शिरलं की आतली सगळी यंत्रं गेली, फ्लोट तळाला गेला. तो काही परत आणता येत नाही."

"आणि एवढं करून मोजायचं काय?"

"समुद्र किती धूर गिळतो ते."

अण्णांनी कप खाली ठेवला. शेजारच्या फौंड्रीच्या धुराड्याकडे बोट केलं. "ह्योबी?"

"ह्योबी," इरावती म्हणाली. "दिसतो तो काळा धूर नव्हे, त्यातला न दिसणारा कर्बवायू. कोळसा, डिझेल, जे काही माणसं जाळतात, त्यातून जो कर्बवायू सुटतो त्याचे चार वाटे केले तर एक वाटा समुद्र घेतो."

"घेतो ते खरं," क्रांती म्हणाली, "पन ठेवतो कुठं?"

इरावतीनं घड्याळ बघितलं. गाडी दारात उभी होती. तिनं आपला नंबर दिला आणि म्हणाली, "ताई, ह्याचं उत्तर एका चहात होत नाही."

त्या दिवसापासून क्रांतीचे व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप सुरू झाले. भाकरी थापताना, बसथांब्यावर, जेवणाच्या सुट्टीत. इरावती सवडीनं उत्तरं पाठवायची. ती उत्तरं क्रांती फोन मोठ्यानं लावून ऐकायची, त्यामुळे आक्कांनाही समुद्राची बरीच माहिती झाली.

पहिलं उत्तर असं की हवा पाण्यात मुरते, आणि पाणी जितकं गार तितकी जास्त मुरते. हे क्रांतीला लगेच पटलं. उन्हात राहिलेल्या सोड्याला कुठं दम असतो? दुसरं उत्तर जरा अवघड होतं. कर्बवायू पाण्यात गेला की बहुतेक वायू राहतच नाही. पाण्याशी त्याचं काहीतरी जुळतं आणि तो वेगळ्याच रूपात, विरघळलेल्या क्षारासारखा, पाण्यात राहतो. म्हणून तर समुद्राच्या पोटात हवेतल्यापेक्षा चाळीस-पन्नास पट कर्ब मावतो.

"लगीन झालं की नाव बदलतंय तसं," आक्का म्हणाल्या. "मग पुन्हा म्हायेरला जात न्हाई हवेत?"

"जातंय की. सवड मिळाली की जातंय." क्रांतीनं भाकरी उलटली. "आणि त्या लग्नापायी पानी जरा जरा आंबटाकडं सरकतंय म्हनं. चिंचेसारखं न्हवं, पन शिंपल्यातल्या किड्यांना घर बांधायला जड जातंय."

तिसरं उत्तर आलं तेव्हा क्रांती बसमध्ये होती, आणि उतरायचा थांबा चुकला. इरावती सांगत होती की पृथ्वीच्या टोकांकडे, बर्फाच्या मुलखात, समुद्राचं पाणी इतकं गार आणि खारट होतं की जड होऊन बुडतं. बुडताना मुरलेला कर्ब घेऊन जातं. तळाला गेलं की सरकत राहतं, पण इतकं सावकाश की पुन्हा वर उजेडात यायला पाच-सातशे, कधी हजार वर्षंही लागतात.

क्रांतीनं घरी येऊन हिशेब मांडला. आज कुठंतरी जे पाणी वर येत असेल, ते शेवटचं हवेला भेटलं तेव्हा पन्हाळ्यावर शिलाहारांचा भोज राजा तट बांधत होता. त्या पाण्याला कोळशाचा धूर माहीतच नाही. आणि आज आपल्या फौंड्रीचा जो वायू बुडेल, तो बाहेर येईल तेव्हा पन्हाळा असेल का नसेल?

"मग काळजी कशाची?" आक्का म्हणाल्या. "हजार वर्सं गेला की तो."

"समदा न्हाई जात, आक्का. बराचसा वरच्या पान्यातच घुटमळतो. आणि बुडायला रांग हाय. आपन जाळतो झटक्यानं, आणि पानी बुडतंय सावकाश."

आणखी एक वाट होती, जिवांची. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. त्या कर्ब घेऊन वाढतात, त्यांना बारके जीव खातात, त्यांची विष्ठा आणि मेलेली अंगं सतत खाली झिरपत राहतात. पण वाटेत खाणारे फार. शंभरातला एखादा वाटा तळाच्या गाळात पोचतो. "शेनखत म्हन की," आक्कांनी निकाल दिला.

आणि मग क्रांतीनं विचारलं, आपला समुद्र किती घेतो? मालवणचा, रत्नागिरीचा?

इरावतीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "ताई, गंमत अशी आहे की आपला अरबी समुद्र घेतो त्यापेक्षा जास्त सोडतो. पावसाळी वारे वरचं पाणी बाजूला ढकलतात, खालचं जुनं पाणी वर येतं आणि येताना साठलेला कर्ब घेऊन येतं. किती येतो, कुठं जास्त, कुठल्या महिन्यात, हे नीट कुणालाच माहीत नाही. बोट घेऊन आपण वर्षातून एकदा-दोनदा जाणार, तेवढ्यात काय कळणार? म्हणून तर तुमच्या बारा नळ्या."

'तुमच्या' हा शब्द क्रांतीनं दोनदा ऐकला.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये सगळ्या मशिनांची पूजा असते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. जोतीरामअण्णा नावाप्रमाणं जोतिबाचे भक्त. डोंगरावरून गुलाल आणायचा मान त्यांचाच. बारा नळ्या आणि चोवीस टोप्या तयार होऊन, तपासून, प्लास्टिकात गुंडाळून कपाटात होत्या. त्या क्रांतीनं स्वतः बाहेर काढल्या, प्लास्टिक सोडलं आणि पूजेच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. एवढ्या लांब जायच्या, देवाच्या नजरेखालून जाऊ देत, एवढंच तिच्या मनात होतं. अण्णांनी मूठ भरली, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून उधळली, आणि सगळं टेबल गुलाबी झालं. उदयसिंहांनी फोटो काढला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोव्याची गाडी आली. क्रांतीनं टोप्या पुसल्या, हवेच्या पाइपनं फुर्रकन् झटकल्या, भिंग लावून बघितलं, सही केली. गाडी गेली.

पाच दिवसांनी अण्णांचा लेथ कुरकुरायला लागला. त्यांनी चक खोलला, म्हणजे जॉब पकडणारा लेथचा जबडा. आतल्या सगळ्या आट्यांत गुलाल आणि तेल मिळून गुलाबी लुकण झालेलं.

"आता हे कुठनं? त्याच दिवशी हवा मारलतो की ह्याला!"

क्रांती शेजारीच उभी होती. तिनं आटीत बोट घालून ते लुकण काढलं. हवा मारली म्हणूनच. हवेनं वरचा गुलाल उडाला आणि बारीक तो कोपऱ्यात ठासला गेला. टोप्यांच्या खाचांना तेलाचा हात होता. भिंगातून तिनं खाचेचा तळ बघितला होता, आतला कोपरा नाही. कोपऱ्यात सावली असते.

ती तशीच उदयसिंहांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि हात झटकला.

"एवढ्याशा गुलालानं काय हुतंय? आख्खं कोल्हापूर गुलालात बुडतंय, बुडलं का कोन?"

"मालक, त्यांच्याकडं टाकीत दाब देऊन दोनच नमुने बघतात. बाकीच्या माझ्या सहीवर जातात."

"मग तुझी सही हाय न्हवं? गप बस की. तू सांगितलंस की साठ नळ्या गेल्या. आणि त्यास्नी कळायचं कसं? समुद्राच्या तळाला जाऊन कोन बघतंय?"

"कोन न्हाई," क्रांती म्हणाली. "तेच की. फ्लोट गप झाला तर त्यास्नी वाटंल यंत्र बिघडलं. पुढच्या पावसाळ्यात काय वर आलं ते कुनाला कळनारच न्हाई."

उदयसिंहांनी समोरची फाईल मिटली. मग खुर्ची फिरवून म्हणाले, "तुला काय करायचं ते कर. मला विचारू नको."

याचा अर्थ होकार असा तिनं लावला आणि फोन केला. इरावतीनं तिकडं कुणाला तरी विचारून घेतलं. मग म्हणाली, "आठ फ्लोट आत यंत्रं घालून बंद करून झालेत, ताई. परवा जहाज निघतंय."

"उद्या सकाळी निघतो मी. तोवर बाकीच्या चार बंद करू नका, आणि हवा तर अजिबात मारू नका."

सकाळच्या एसटीत जोतीरामअण्णाही चढले. डोक्याला टोपी, हातात डबा. "मूठ माझी हुती," एवढंच म्हणाले. राधानगरी मागं पडली, फोंडा घाट आला, आणि उतारावर अण्णांनी विचारलं, "जोतिबा रागावला असंल काय गं?"

"जोतिबाचं काय चुकलंय? त्यानं सांगितलतं का प्लास्टिक काढा म्हनून?"

संस्थेत त्यांना पांढरे कोट, डोक्याला जाळी आणि हातमोजे दिले. अण्णांच्या मिशा बघून तिथल्या माणसानं मिशांनाही जाळी दिली. इरावतीच्या चेहऱ्यावर झोप नव्हती, पण ती एक शब्दही लावून बोलली नाही. टेबलावर दिवा, मोठं भिंग, स्पिरिट, धागे न सुटणारं कापड.

क्रांतीनं आधी दोन टोप्या बाजूला काढल्या. त्या दिवशी गोव्याची गाडी दारात थांबली होती, घाई होती, त्या दोन नीट पुसल्या नव्हत्या अशी तिची पक्की आठवण. दिवा तिरका धरला. दोन्ही खाचा लख्ख होत्या. मग एकेक टोपी उघडत गेली. दुपार झाली. सोळावी टोपी बंद फ्लोटची होती, आणि तिच्याबद्दल तिला रतीभर शंका नव्हती. इरावतीनं रिंग अलगद उचलली. रिंगेच्या पोटाला एक गुलाबी रेघ होती, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, आडवी.

अण्णांनी जाळी काढली आणि खिडकीकडे गेले.

"हा गेला असता," इरावती शेवटी म्हणाली. "पहिल्याच फेरीत."

आणखी दोन टोप्यांच्या कोपऱ्यांत गुलाल निघाला. चोवीस टोप्या पुसल्या, पुन्हा बघितल्या, नव्या रिंगा घातल्या. या वेळी सगळ्या बारा नळ्या टाकीत दाब देऊन बघायच्या असं ठरलं. त्यासाठी जहाज एक दिवस उशिरा निघालं. संस्थेच्या साहेबांनी कागदावर लिहिलं, पुरवठादाराकडून अस्वच्छता, आणि खाली क्रांतीला सही करायला सांगितली. तिनं केली. साठ नळ्यांचं काय, हे तिनं विचारलं नाही. विचारून काय उपयोग होता?

संध्याकाळी परतीच्या गाडीला तास होता. इरावतीनं दोघांना किनाऱ्यावर नेलं. अण्णा पँट वर करून पाण्यात उभे राहिले. क्रांती वाकली, ओंजळभर पाणी घेतलं आणि लाटेच्या कडेला फुटणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत बसली.

"आत्ता ह्यातनं हवा आत जातीया का बाहेर येतीया?"

"दोन्ही," इरावती म्हणाली. "हिशेब कुठल्या बाजूला झुकतो, तोच तर प्रश्न."

शिरोलीत उदयसिंह तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. साठ नळ्यांचं पत्र आलं नाही, नकारही आला नाही. अण्णांनी मात्र रोज एकदा विचारायचं ठरवलं होतं, "बुडाल्या का?" नळ्या समुद्रात सोडल्याचा निरोप आला आणि त्यावर दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी इरावतीचा निरोप आला की नऊ फ्लोट बोलले. बाराव्या दिवशी दुपारी दोन आले. राहिला एक, आणि तो नेमका सोळाव्या टोपीचा.

त्या दोन दिवसांत क्रांतीनं तीन चांगले जॉब नापास केले. आक्कांनी ताट पुढं सरकवलं तर म्हणाली, भूक नाही. चौदाव्या दिवशी सकाळी ती काचेच्या खोलीत पाऊल टाकते तोच फोन वाजला. लाटा उंच होत्या, उपग्रहाशी गाठ पडली नव्हती, असं काहीतरी इरावती सांगत होती, पण क्रांतीनं एवढंच ऐकलं की तो वर आलाय. दोन किलोमीटर खाली जाऊन, कोरडा.

ती बाहेर आली आणि लेथच्या आवाजावरून ओरडली, "अण्णा! बाराच्या बारा!"

अण्णांनी मशिन बंद केलं. उदयसिंह केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. "मग आता पेढे कोन देनार?" ते म्हणाले. इतक्या दिवसांतलं पहिलं जादा वाक्य. "आणि त्या मॅडमना विचार, पुढच्या नळ्यांचा नकाशा कधी पाठवतायत. नकाशा तरी बघू देत म्हनावं."

दुपारच्या सुट्टीत इरावतीनं त्या फ्लोटनं पाठवलेला आलेख धाडला. वरपासून खालपर्यंत पाणी कसं गार होत जातं, आणि कसं आंबटाकडे झुकत जातं, त्याच्या दोन रेघा. क्रांतीनं डबा बाजूला सारला, फोन जवळ धरला आणि बोटांनी चित्र मोठं केलं. आंबटपणाची रेघ वरच्या पाण्यात सरळ होती, शंभर मीटरखाली झपाट्यानं आत वळली होती, आणि मग तीनशेच्या आसपास तिला एक बारकं पोट आलं होतं. तेवढ्यापुरती ती मागं सरकली होती आणि मग पुन्हा वाटेला लागली होती.

तिनं निरोपाचं बटण दाबलं. "मॅडम, हितं तीनशेजवळ ही रेघ मागं का आलीय?"

उत्तर लगेच आलं, आणि मागं चार-पाच माणसांचा गलका ऐकू येत होता. "ताई, आम्ही सगळे सकाळपासून तिथंच बोट ठेवून बसलोय. कुठल्या बाजूचं पाणी मध्ये घुसलंय, कळत नाही. दहा दिवस थांबा. तो पुन्हा जाऊन येऊ दे."

क्रांतीनं कॅलेंडरवर दहा दिवस मोजले आणि त्या तारखेला पेन्सिलनं गोल केला. मग डबा उघडला.